परभणीच्या बरणीतली घोळ

मी मासा शोधायला परभणीला गेले होते, असं सांगितलं की आमच्या बंदरात लोक तोंड फिरवून हसतात. हसू देत. परभणीला समुद्र नाही हे मलाही ठाऊक आहे. तिथल्या बाजारात मासा आलाच तर तो धरणातला नाहीतर गोदावरीतला, आणि आमच्याकडच्या माणसाला तो मातकट लागणार. तरीही गेल्या पौषात मी तिथे तीन दिवस राहून आले, ते घोळीसाठीच. आमच्या किनाऱ्यावरची माणसं त्या बाजूला सहसा फिरकत नाहीत, म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवते.

घोळ हा ढोमीच्या कुळातला सगळ्यांत मोठा मासा. पालघरकडच्या आमच्या गावांत तिला पूर्वी मान होता तो चवीसाठी. आता आहे तो तिच्या पोटातल्या हवेच्या पिशवीसाठी. त्या पिशवीला आम्ही बोत म्हणतो. वाळवलेलं बोत परदेशी जातं आणि एखाद्याचं नशीब उघडलं तर एका फेरीत कौलारू घराचं स्लॅबचं होतं. पण घोळीला ही पिशवी दिली आहे ती आवाजासाठी. विणीच्या दिवसांत नर पोटाच्या स्नायूंनी पिशवी वाजवतात, बेडूक डराव डराव करतो तसा आवाज निघतो, आणि लांबलांबच्या घोळी एका जागी जमतात. माझे बाबा वल्ह्याचं पातं पाण्यात सोडून दांड्याला कान लावायचे आणि खाली घोळ आहे की नाही ते सांगायचे. आता कान लावावा लागत नाही. यंत्राच्या पडद्यावर थवा दिसतो आणि वीण करायला जमलेला अख्खा गोतावळा एका जाळ्यात वर येतो.

मी मत्स्यशास्त्राची बाई. वीस वर्षं मी घोळीच्या कानातले खडे मोजते आहे. या कुळातल्या माशांच्या डोक्यात, आपल्या कानांच्या जागी, दोन पांढरे खडे असतात. बाकीच्या माशांतही असतात, पण घोळीचे चांगले दणदणीत. मासा वाढतो तसा खडा वाढतो आणि वर्षाला एक थर चढतो. खडा आडवा कापला, घासून पातळ केला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला की थर मोजून वय सांगता येतं. हल्ली येणाऱ्या घोळींत मला तीन थर मिळतात, फार तर चार. म्हणजे एखादी वीण पदरात पडते न पडते तोच ती जाळ्यात. मोठी, वयस्क मादी लहानीपेक्षा कितीतरी जास्त अंडी घालते, आणि त्याच माद्या आता उरलेल्या नाहीत.

म्हणून मी गावच्या मच्छीमार संस्थेच्या सभेत दरवर्षी उभी राहून सांगते, की विणीच्या जागी दोन मोसम जाळं टाकू नका. आणि दरवर्षी मला खाली बसवतो तो माझा सख्खा भाऊ. दादाच्या दोन बोटी आहेत. तो म्हणतो, "घोळ एवढीच जगते. बाबांच्या वेळची म्हातारी घोळ दाखव, मग बोल." ती आणू कुठून? बाबांच्या वेळच्या घोळींची डोकी कालवणात गेली आणि खडे उकिरड्यावर. कोण कशाला ठेवील? माघातल्या सभेत हा विषय शेवटचा घ्यायचा, असं संस्थेने ठरवलं होतं. म्हातारी घोळ मिळाली नाही तर पुढे मला कोणी उभंसुद्धा करणार नव्हतं.

अशात माझी मैत्रीण सुमन हिच्या नवऱ्याला मुतखडा झाला. तिच्या परभणीच्या जावेने, लताने, कसलीशी देशी दवा पाठवली. सुमनने पुडी माझ्यासमोर उघडली. भुकटीत एक खडा अर्धवट कुटलेला राहिला होता. त्याच्यावरची शेपटीवाली खूण मी झोपेतही ओळखली असती. तो घोळीचा कान होता. तिच्या नवऱ्याचा खडा गेला तो डॉक्टरांच्या उपचाराने, पण माझी झोप त्या पुडीने उडवली. लताला फोन केला तर ती म्हणाली, "अप्पांच्या दुकानातली हाय. सरमाही म्हनतेत. त्यांच्या वडलांच्या काळापासून बरनी भरलेली हाय." मी आठ दिवसांत निघाले.

परभणी

लता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. स्टेशनवर न्यायला आली, रिक्षात बसवलं, घरी नेऊन ज्वारीची भाकरी, ठेचा आणि अंबाडीची भाजी समोर ठेवली. आमच्याकडे पाहुणा आला की आधी मासळी कुठली आणायची याची चर्चा होते. इथे लताच्या सासूबाई मला विचारत होत्या, की तुमच्याकडे भाकरी तांदळाची असते तर ती पोटात टिकते कशी. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या, त्यावरून त्यांना उत्तर मिळालं असावं.

लतासाठी मी सुकटीची पुडी आणली होती. ती द्यायची राहून गेली आणि तशीच खांद्यावरच्या पिशवीत घेऊन मी अप्पांच्या दुकानात गेले. हा वेंधळेपणा पुढे मला फार महागात पडला.

दुकान जुन्या बाजारात. भिंतभर लाकडी खण आणि त्यांवर चिठ्ठ्या, काही मराठी, काही उर्दू. अप्पा ऐंशीच्या पुढचे. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, अंगावर स्वच्छ पांढरा सदरा. घराणं शिवभक्तांचं, मांस-मासा वर्ज्य. कांदा-लसूणसुद्धा सोमवारी घरात शिजत नाही, हे लताने वाटेत सांगितलं होतं. समोर पेडगावचे एक शेतकरी, मारोतराव, पुडी बांधून घेत होते.

"लय गुन येतो बगा," ते आपणहून मला म्हणाले. "माह्या मेव्हन्याचा खडा पंधरा दिसात पडला."

"दवा देनारा देव हाय," अप्पा म्हणाले. "आपन नुसतं तोलायचं. आन डाक्तरला बी दाखवा म्हनलो होतो, दाखवलं का?"

मारोतराव गेल्यावर अप्पांनी मला जवळ बसवलं. मी बरणी बघायला मागितली. त्यांनी ती दोन्ही हातांनी उतरवली. आत शेदोनशे खडे होते, बहुतेक ढोमीचे लहान, काही घोळीचे. अप्पांनी एक खडा तळहातावर घेऊन उलटा केला आणि ती खूण मला दाखवली. खडा उलटा केला की एक गोल खळगा दिसतो आणि त्याला लागून एक वाकडी पन्हळ. आम्ही शास्त्रातली माणसं त्याला बेडकाच्या पिल्लाची उपमा देतो.

"काय दिसायलंय?" अप्पांनी विचारलं.

मी मान पुढे केली.

"पिंड हाय ती. ही शाळुंका आन हे पानी जायला पन्हाळ. कोनी कोरलेली न्हाई. पार्वतीच्या गळ्यातली मोत्याची सर तुटली. मोती रानोमाळ झाले. ज्याला घावले तो म्हनाला, हे माहे. तव्हा पार्वती म्हनली, न्हाई, ही सर माही. म्हनून सरमाही. आन तिची खून म्हनून परत्येक मोत्यावर महादेवानं पिंड उठवली."

परभणीकडे 'माझी'ला 'माही' म्हणतात. बरणीवरच्या पिवळ्या चिठ्ठीवर उर्दूत तीन शब्द होते. अप्पांनी बोट ठेवून वाचले, "संग, सर, माही." दवांची नावं वाचण्यापुरती उर्दू त्यांना वडिलांनी शिकवली होती. आता मला उर्दू येत नाही, पण वीस वर्षं एकाच खड्याच्या मागे लागलेल्या माणसाला त्याची सगळी नावं माहीत असतात. संग म्हणजे दगड, सर म्हणजे डोकं, आणि माही हा फारसी शब्द. त्याचा अर्थ मासा.

ते सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात अप्पांनी नाक वर केलं. साठ वर्षं मुळ्या हुंगलेलं नाक ते.

"कशाचा तरी खारट वास यायलाय," ते म्हणाले.

पिशवी मी पायाखाली सरकवली आणि म्हणाले, "समुद्राकडची आहे ना मी, तिकडच्या मिठाचा असेल."

"आन काम काय करता तुमी?"

"दगडांचा अभ्यास."

एका दमात दोन खोटी. लता माझ्याकडे बघत राहिली. मला खडे हवे होते आणि पहिल्याच दिवशी दुकानातून बाहेर काढलं जाईल अशी भीती वाटली, याहून दुसरं कारण मी देऊ शकत नाही. आजही ते आठवलं की माझा मला राग येतो.

दगडांचा अभ्यास ऐकून अप्पा खूश झाले. त्यांनीच सांगितलं, की बरणीत नवं-जुनं मिसळलेलं आहे, वेळोवेळी भर पडलेली. पण अगदी असल जोडी चारठाण्याला आहे, त्यांच्या थोरल्या बहिणीकडे. वडिलांनी निझामाच्या काळात हैदराबादहून पहिला माल आणला, त्यातले सर्वांत मोठे दोन खडे निवडून ठेवले आणि मुलीच्या लग्नात तिच्या ओटीत घातले. "एवढाले हायेत," अप्पांनी अंगठ्याचं वरचं पेर दाखवलं. तेवढा खडा मी आयुष्यात पाहिला नव्हता.

चारठाणा

दुसऱ्या दिवशी लताने रजा टाकली आणि आम्ही जिंतूरवरून चारठाण्याला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन. कापूस वेचून झालेला, तूर उभी, मधूनमधून ज्वारीची शेतं. मला सपाट म्हटलं की पाणी डोळ्यांसमोर येतं. इथे तसंच लांबवर काही आडवं येत नाही, फक्त ते काळं आणि स्थिर. एका शेताच्या बांधावर ओळखीच्यांनी गाडी थांबवून हुरडा खायला घातला. गरम कणसं तळहातावर चोळताना मी हात भाजून घेतला आणि ते लोक तोंडदेखलंसुद्धा वाईट वाटून न घेता हसले. मला ते आवडलं.

चारठाणा जुन्या देवळांचं गाव. कोरीव खांब घरांच्या मध्येच उभे, कोणी त्यांना टेकून बसलेलं, कोणी बाजूला गोवऱ्या थापलेल्या. एका खांबावर पायाशी कोरलेला मासा लताने मला दाखवला. मी त्याच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही, माझं चित्त खड्यांवर.

अप्पांची बहीण, अक्का, सून आणि नातवंडांसह राहते. पंच्याऐंशीच्या पुढची, वाकलेली, पण बोलणं खणखणीत. अंगणात बेलाचं झाड. अप्पांनी फोन करून ठेवला होता. तिने आधी आम्हाला जेवायला बसवलं, वरण, भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही. मग हातपाय धुवायला लावले आणि देवघरासमोर नेलं.

"आमची पूजा गळ्यातल्या लिंगाची," ती म्हणाली. "हे नुसतं शेजारी असतं. पन सासरी आले त्या दिसापासून मी रोज दोन बेलाची पानं वाहते."

पितळेच्या वाटीत, विभूतीवर, ते दोन खडे होते. मी वाकून पाहिलं. डावा आणि उजवा. एकाच घोळीचे. इतक्या वर्षांच्या विभूतीने करडे झालेले, पण कडा शाबूत. बाबांच्याही आधीची घोळ होती ती, नायलॉनचं जाळं आणि यंत्राची बोट यायच्या आधी धरलेली. अक्काला आठवत होतं, "वडील हैदराबादहून आले तव्हा मी चार-पाच वर्साची असंन. गाडीतून उतरून पैले हेच दावले." म्हणजे काळही पक्का.

अक्काने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "तात्या म्हनला, तू दगडाची मास्तरीन हायेस. तुला पायजेत का? माह्या माघारी ही पोरं वाहतेत का फेकतेत, कुनाला ठावं. ने. पन रोज पान वाहत जा."

तात्या म्हणजे अप्पा. तिने दोन्ही खडे उचलून माझ्या ओंजळीत ठेवले. मी ज्याच्यासाठी तीन जिल्हे ओलांडून आले होते, ते न मागता हातात पडलं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. आणि घरी नेऊन करवतीखाली धरायचं होतं.

माझ्याच्याने ते झालं नाही. मी खाली बसले. म्हणाले, "अक्का, मी काल अप्पांशी खोटं बोलले. हे दगड नाहीत."

मग मी सगळं सांगितलं. घोळ काय, बोत काय, कानातला खडा काय, माही म्हणजे काय. लता शेजारी उभी होती, तिने मान खाली घातली. सून दारात येऊन थांबली. माझं संपल्यावर अक्काने हात पुढे केला, खडे परत घेतले आणि उजेडाकडे धरून पाहिले.

"मंग ह्याच्यात जीव व्हता," ती म्हणाली.

"होता."

"मारला कुनी?"

"आमच्यासारख्यांनीच. माझे वडील, आजे, सगळे तेच करत आले."

"आन तुला आता कापायचे कामून?"

मी सांगितलं, की थर मोजले तर तो किती वर्षं जगला ते कळेल. आता कोणी त्यांना जगू देत नाही. हा जगला होता, एवढं मला गावात दाखवायचं आहे. माझ्या भावाला दाखवायचं आहे.

अक्का भिंतीला टेकून बसली. सुनेने पाणी आणलं, तिने घेतलं नाही. मग म्हणाली, "सत्तर वर्सं मी मढ्याला पानं वाहिली."

सूनबाई पुढे होऊन म्हणाली, "आत्याबाई, वाहून टाकू नदीत." अक्काने मान हलवली.

"आमच्यात पान्यात सोडत न्हाईत. जाळत बी न्हाईत. आमच्यात मातीत बसवतेत." ती माझ्याकडे वळली. "दोन्ही कानांत सारखीच वर्सं असतेत म्हनलीस ना?"

"हो, जुळी असतात."

"मंग एक मातीला दिऊ. सत्तर वर्सं घरात व्हता, त्याची माती करायला पायजे. एक तू ने. कापायचा तर काप. पन किती वर्सं जगला ते मला कळव. ज्याला पुरलं त्याचं वय ठावं पायजे."

सूनबाईने विचारलं, की विधीसाठी जंगमस्वामींना बोलवायचं का. अक्काने क्षणभर खरंच विचार केला आणि म्हणाली, "नको. त्यांना काय सांगायचं?" बेलाखाली तिच्या नातवाने वीतभर खड्डा केला. अक्काने डावा खडा विभूतीत घोळवला, दोन पानांत ठेवला आणि खाली ठेवताना तो उभा राहील अशी माती लावली, जशी त्यांच्यात माणसाला बसवून देतात. मला म्हणाली, "तू बी टाक. तुमच्याच गावचा हाय." मी मूठभर माती टाकली. आम्ही मासे मारणारी माणसं. माशाला माती द्यायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. उजवा खडा मी रुमालात बांधला.

निघताना अक्का म्हणाली, "तात्याला मी न्हाई सांगनार. खोटं तू बोललीस, तूच सांग."

पुन्हा परभणी

तिसऱ्या दिवशी सकाळी अप्पा दुकान उघडून उदबत्ती लावत होते. सुकटीची पुडी लताच्या घरी ठेवून मी तिच्यासोबत आले होते, पण पुडी लपवून जाण्यात आता अर्थही नव्हता. मी पायरीवर बसले आणि तिथूनच सांगितलं. वर जाऊन त्यांच्या शेजारी बसायचं धाडस झालं नाही.

अप्पांनी बरणी उतरवली. चिठ्ठीवर बोट ठेवलं आणि परत वाचलं.

"संग म्हंजी दगड, हे ठावं व्हतं," ते म्हणाले. "सर म्हंजी डोस्कं, हे बी ठावं व्हतं. वडलांनी सांगितलं व्हतं. माही काय, ते मी कुनाला विचारलंच न्हाई. आपलाच शबूद हाय असं वाटलं."

बाजार हळूहळू उघडत होता. एक गिऱ्हाईक येऊन गेलं, अप्पांनी त्याला बडीशेप तोलून दिली. हात नेहमीसारखाच स्थिर होता. मग म्हणाले, "माह्या घरात बी दिली मी. बायकूला दिली. ती कधी मठाबाहेरचं पानी पीत नव्हती. तिच्या पोटात मी मासा घातला. आता ती लिंगैक्य झाली, तिला काय सांगू?"

"तुम्हाला माहीत नव्हतं, अप्पा."

"तुमाला व्हतं. परवा दिशी."

ते खरंच होतं. परवा सांगितलं असतं तरी त्यांचं दुःख कमी झालं नसतं, पण निदान मी त्यांच्या पार्वतीची गोष्ट वर तोंड करून ऐकून घेतली नसती. असली खोटी पुन्हा बोलायची नाहीत, असा मी त्या पायरीवर कानाला खडा लावला. माझ्या धंद्यातल्या माणसाने हे म्हणावं यातला विनोद मला नंतर कळला. तेव्हा हसू आलं नाही.

"तो वास?" अप्पांनी विचारलं.

"सुकटीचा. वाळवलेली कोलंबी."

ते मान हलवत राहिले. मग बरणीला फडकं बांधून माझ्या पुढ्यात ठेवली. "घिऊन जा. तुमच्या पान्यातलं तुमच्या पान्यात सोडा नाहीतर पुरा. माह्या दुकानात आजपासून न्हाई." मी काही म्हणायच्या आत त्यांनी भिंतीकडे तोंड करून खणांवरच्या उर्दू चिठ्ठ्या एकेक वाचायला सुरुवात केली. प्रत्येक नावापाशी थांबत होते. मला लताने खुणावलं, तेव्हा बरणी घेऊन मी उठले. आणखी कशाकशाचा अर्थ त्यांना ठाऊक नाही, हे ते शोधत होते, असं लता रिक्षात म्हणाली.

घरी

उजवा खडा मी स्वतः कापला. मदतनिसाच्या हाती दिला नाही. घासताना विभूतीचा वास येत होता, की मला तसं वाटलं, सांगता येत नाही. दादाला मी प्रयोगशाळेत बोलावलं आणि काहीही न सांगता सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. थर कसे मोजायचे ते त्याला अलीकडच्या एका घोळीवर दाखवलं. तीन. मग चारठाण्याचा खडा सरकवला.

त्याने मोजलं. डोळा चोळला. परत मोजलं. तिसऱ्यांदा बोटं दुमडत मोजलं, लहानपणी बाबांसमोर पाढे म्हणायचा तसं.

"अकरा," तो म्हणाला.

माझेही अकराच आले होते. त्याने वाद घातला नाही. कुठला, कसा मिळाला, एवढं विचारलं. मी अक्काचं सांगितल्यावर तो डोक्यावरची टोपी काढून हातात धरून बसून राहिला. माघातल्या सभेत तो उभा राहिला आणि म्हणाला, की येत्या मोसमात विणीच्या जागी माझ्या दोन बोटी जाळं टाकणार नाहीत, बाकीच्यांचं बाकीच्यांनी बघावं. बाकीच्यांनी विषय पुढच्या सभेवर ढकलला. एका गावात दोन बोटी थांबल्या. मला अजून पुष्कळ बोलावं लागणार आहे.

सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चारठाण्याला फोन लावला. सुनेने अक्काकडे दिला.

"अक्का, मोजलं. अकरा वर्षं."

"किती?"

"अकरा."

मग ती म्हणाली, "लेकरूच व्हतं की गं."

मी समजावू लागले, की घोळीसाठी अकरा म्हणजे चांगलं पिकलेलं वय, आता तेवढी कोणी सापडत नाही, म्हणूनच तर हा खडा इतका मोलाचा. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मंग आता धरतेत ते किती वर्साचे?"

"तीन."

फोन तुटला असं वाटून मी हाक मारली.

"हाय मी," अक्का म्हणाली. "तुमच्याकडं आज जाळं गेलंय का?"

खिडकीतून बंदर दिसत होतं. भरती होती, धक्का रिकामा होता.

"गेलंय, अक्का," मी म्हणाले.